बाच्या पायातले बूट

आमच्या घरात माणूस दिसायच्या आधी त्याचं पाऊल ऐकू यायचं. मायच्या पायांत तोरड्या होत्या, त्यामुळे ती चुलीपाशी आहे की गोठ्यात हे मला अंथरुणातूनच कळायचं. थोरली बहीण गोदाबाई चालायची कमी आणि धावायची जास्त, म्हणून तिचं येणं म्हणजे आधी कवाडाचा धडका. आणि बाच्या वहाणा. त्यांचा आवाज जड होता, धप्प-फट, धप्प-फट, आणि तो ऐकला की बैल माना वर करायचे. मला समजायला लागल्यापासून बाच्या पायांत मी तोच जोड पाहिला. पहिला तळ झिजला तेव्हा आमच्या गावच्या नथ्थूजी चांभारानं फुटक्या मोटेचं कातडं लावून दिलं. तो झिजला तेव्हा त्याच मोटेचा दुसरा तुकडा लागला. माझ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत त्या वहाणेत मूळची वहाण किती उरली होती हे नथ्थूजीलाही सांगता आलं नसतं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना तेल चोळून झालं की उरलेलं तेल बा वहाणांना चोळायचा आणि त्या उन्हात मांडून ठेवायचा. माय म्हणायची, "या घरात बैलाची एक जोडी नाई, दोन हायेत. दुसरी याच्या पायात." बा हसायचा नाही. भाकरीवर लसणाचा ठेचा घेऊन ओसरीच्या कडेला बसायचा, आणि पाय खाली सोडून, त्या वहाणांकडे पाहत सावकाश जेवायचा.

घर आमचं चांदूरबाजाराच्या बाजूला, काळ्या मातीतलं. बापजाद्यांपासून कापूस आणि ज्वारी. पण त्या तीन-चार वर्षांत कापसाला जो भाव आला तो आमच्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्यानं कधी पाहिला नव्हता. दूर कुठल्या मुलखात गोरी माणसं आपसांत लढत आहेत, तिकडचा कापूस अडला आहे, म्हणून आमचा पाहिजे, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. बा म्हणायचा, "लढाई त्याईची, अन् पागोटे आमचे मोठे." आणि खरंच मोठे झाले होते. अमरावतीच्या बाजारात मी बासोबत गाडी घेऊन जायचो, तेव्हा परकोटाच्या वेशीपाशी नुसतं उभं राहिलं तरी तमाशा दिसायचा. थंडीच्या दिवसांत, आभाळात ढग नसताना, लोक डोक्यावर छत्री धरून चालत. कुणाच्या बंडीवर घड्याळाची साखळी लोंबे, पण किती वाजले विचारलं की तो सूर्याकडे पाही. धोतरावर पायमोजे आले. मखमली टोपी आली; ती मीही घेतली होती, ते लपवत नाही. आणि सगळ्यांत जास्त आले ते बूट. त्यांतही ज्यांचा आवाज व्हावा असे. तळात काहीतरी भरून घेत, मग पाऊल टाकलं की कर्र, उचललं की कर्र. दहा माणसं एका गल्लीतून गेली तर उसाचा चरक चालू असल्यासारखं वाटायचं.

बाला हे बिलकूल खपत नसे. गाडीच्या धुरेवर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पाही आणि मला ऐकवी. "जोडा पायासाठी असते का गावासाठी, सांग मले. चोच तर पाह्य त्याची! जसा काही जोडा दाने टिपनार हाये. अन् हा वाजून काहून राह्यला? नवा जोडा वाजते, ठीक हाये. हा लेकाचा वरीसभर वाजते! माणूस घरात याच्या आधी त्याची श्रीमंती घरात येते." मी मान दुसरीकडे फिरवायचो. मला ते बूट आवडत होते. त्यांचा चकाकणारा काळा रंग आवडत होता, आणि तो आवाज तर फारच.

आता हे लिहीत बसलो आहे तर समोरून माझा नातू पंपशू घालून गेला. वरून उघडा, तळ पातळ, ना काट्यापासून राखणार, ना चिखलापासून. मी म्हटलं, "यापेक्षा अनवाणी बरा." तर आतून सून म्हणाली, "मामाजी, हे तुम्ही कालही म्हणाले होते." म्हणालो असेन.

गोदाबाईला आम्ही अकोल्याला दिली होती. दिली तेव्हा तिचे सासरे दौलतजी आमच्यासारखेच शेतकरी होते, मोर्णेच्या काठाला शेत, चार बैल. पुढे त्यांनी आजूबाजूचा कापूस घेऊन मुंबईकडे पाठवायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत दौलतजींचे दौलतराव झाले. अंगणात फरशी आली, ओसरीवर गादी आली. बाच्या या बुटांची गोष्ट घडली त्याच्या आदल्या साली बा आणि मी त्यांच्याकडे गेलो होतो. निघताना पायऱ्यांपाशी आलो तर बाच्या वहाणा जागेवर नाहीत. बाकी पाहुण्यांचे बूट, मोजड्या, सगळं ओळीत. शोधता शोधता गोठ्याच्या दाराशी, गड्यांच्या पायतणांच्या बाजूला, शेणानं भरलेल्या सापडल्या. बानं त्या गवतावर पुसल्या, पायांत सरकवल्या आणि चालू लागला. त्याला काहीच वाटलं नाही. मला मात्र इतकं वाटलं की परत येईतो तीन दिवस मी धड जेवलो नाही. कुणीतरी ओळीतून उचलून त्या तिकडे टाकल्या, हीच माझ्या मनाची खात्री होती.

मग गोदाबाईला दिवस गेले. सातव्या महिन्यात ओटी भरून तिला पहिलटकरीण म्हणून आमच्याकडे आणायचं ठरलं. बा आणि मी जाणार होतो. आणि निघायला आठ दिवस असताना बाच्या उजव्या वहाणेचा अंगठा शेतात तुटला. तो ती हातात घेऊनच नथ्थूजीकडे गेला. नथ्थूजीनं ती उलटीपालटी केली, आरी टोचून पाहिली आणि परत दिली. "गनपतजी, आता टाका माराले जागाच नाई. टाक्यालेच टाका मारून राह्यलो मी दोन सालापासून."

"मंग नवा जोड कर."

"करतो ना. पन कातडं बाभयीच्या सालीत भिजत हाये. पंधरा दिवस तरी लागतीन."

बा घरी आला, सुतळी घेतली आणि अंगठ्याच्या जागी बांधायला बसला. माय चुलीपाशी वांग्यात तुरीचे सोले घालत होती. मी दारात उभा होतो. सुतळीची गाठ पाहिली आणि माझ्या तोंडातून निघालं, "तू असा येशीन तर मी येत नाई."

"काहून?"

"मागच्या खेपेले तुह्या वहाना गोठ्यापाशी टाकल्या होत्या. मले दिसलं. तुले लाज नसन, मले हाये. गोदाबाईले बी असन. तिले तिथं राहाचं हाये."

मायचा हात थांबला. बानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो सुतळी सोडत राहिला, पूर्ण सोडली, गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवली. मला वाटलं होतं तो रागावेल. मला रागावणं चाललं असतं.

पुढच्या बाजाराला तो स्वतःच अमरावतीच्या बुटांच्या दुकानापुढे गाडी घेऊन गेला. दुकानदार दाढीवाला, गोड बोलणारा. त्यानं बाचा पाय मांडीवर घेतला आणि जरा वेळ नुसता पाहत बसला. बाचा पाय नांगरामागे वाढलेला होता. बोटं पंख्यासारखी पसरलेली, टाचेला भेगा, तळवा नुसता सागाची फळी. तीन जोड चढेचनात. चौथा चढला, तो दोघांनी मिळून ओढला म्हणून. "चचा, दोन दिवसांत पायात बसते," दुकानदार म्हणाला. बा उठून चार पावलं चालला. कर्र, कर्र. माझ्याकडे वळून म्हणाला, "आता?" मी म्हटलं, "आता चांगलं दिसते." खरं तर तो दुसऱ्याच कुणाच्या पायांवर उभा असल्यासारखा दिसत होता.

आम्ही निघालो ते बडनेऱ्यावरून. वाटेत ठिकठिकाणी आगगाडीच्या लोखंडी सडकेसाठी माती टाकणं चालू होतं, माणसं मुंग्यांसारखी पाट्या वाहत होती, आणि कापसाच्या गाड्यांच्या रांगेत धूळ इतकी की बैलांची शिंगं तेवढी दिसावीत. मायनं रोडगे आणि ठेचा बांधून दिला होता. बाला चढावर गाडीत बसून राहायची सवय नव्हती. बैलांना ओढ पडते म्हणून तो उतरून बाजूनं चाले. बूट घालूनच चालला. पहिल्या दिवशी दुपारी त्याचं पाऊल वाकडं पडायला लागलं ते मला दिसलं. दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला मुक्काम पडला तेव्हा त्यानं बूट काढले नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, "काढले तर मंग चढाचे नाईत." मी "बरं" म्हटलं आणि झोपलो. आयुष्यात कितीतरी गोष्टी विसरलो, तो "बरं" विसरलो नाही. तिसऱ्या दिवशी तो गाडीतून उतरलाच नाही. चढावरसुद्धा नाही. कपाळावर घाम होता आणि थंडी तर अशी होती की बैलांच्या नाकांतून वाफ निघत होती.

अकोल्याला पोचलो तेव्हा दौलतरावांच्या अंगणात ओटीची तयारी चालली होती. बायकांचा गलका, पुरणाचा वास. दौलतराव स्वतः व्याह्याला घ्यायला पुढे आले, "या ईवाई, या!" आणि त्यांचे बूट कर्र वाजले. बाचेही वाजले. क्षणभर मला वाटलं, जिंकलं. मग बा पायरीशी बसला आणि बूट काढू लागला. डावा निघाला. उजवा निघेना. त्यानं टाच धरून ओढलं, मी ओढलं, गड्यानं ओढलं. बाचा चेहरा राखेसारखा झाला. बूट आत फुगलेल्या पायाला कातडीसारखा चिकटला होता. आतल्या बायका दारात आल्या. दौलतरावांनी विळा मागवला आणि घोट्यापासून बोटांपर्यंत तो बूट स्वतःच्या हातानं उभा कापला.

टाच पार सोललेली होती आणि करंगळीपाशी काळंनिळं गळू. पाय तापलेल्या तव्यासारखा. आणि त्यातून एक लाल रेघ घोट्यावर चढायला लागली होती.

गोदाबाई हिरव्या लुगड्यात, ओटी भरायला बसवलेली, ती तशीच उठून आली. बाच्या पायापाशी खाली बसली. पायावरून हात फिरवला, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बाले बूट कोनं घेऊन देल्ले?"

मी कापलेला बूट उचलून पाठीमागे धरला.

"तूच ना? बाचे पाय तुले माहीत नाईत? त्या पायाईनं त्यानं मले खांद्यावर घेऊन नदी उतरवली होती पुरात. तुले बी. अन् तू ते पाय डब्बीत घातले?"

"गोदे, त्याले काही नोको बोलू," बा म्हणाला. आवाज लांबून आल्यासारखा.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर आला. त्यानं पाय पाहिला, रेघेच्या टोकाला शाईनं खूण केली आणि दौलतरावांना बाजूला नेऊन सांगितलं की रेघ या खुणेच्या वर चढत राहिली तर पाय गुडघ्यापासून काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. दौलतरावांनी ते मला सांगितलं, कारण घरातून आलेला पुरुष मीच होतो. मी "हो" म्हटलं आणि गोठ्यात जाऊन बैलांच्या मध्ये उभा राहिलो. माझ्या बाला नांगरामागे एका पायावर मी डोळ्यांपुढे आणू शकत नव्हतो, आणि दुसरं काही डोळ्यांपुढे येतही नव्हतं.

डॉक्टरच्याच संमतीनं मोहल्ल्यातले रहीमचाचा आले. ते जर्राह, फोड, गळवं कापण्यात त्यांचा हात धरणारा अकोल्यात कुणी नव्हता. त्यांनी नश्तर उकळत्या पाण्यात बुडवलं, मला बाचे खांदे धरायला सांगितलं आणि "या अल्ला" म्हणून एकदाच चिरलं. बानं माझं मनगट धरलं होतं. त्याच्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले, आणि ते जाऊ नयेत असं मला वाटत होतं. घाण निघाली. मग गोदाबाईनं जवस कुटून, शिजवून, फडक्यात बांधून गरम गरम पोटीस लावलं. थंड झालं की दुसरं. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीनं वाकू नये, तर ती म्हणाली, "मंग मी बसून लावते." आणि बसली ती उठली नाही. जवस कुटायचं काम माझं. तिनं मला एवढंच सांगितलं, "बारीक कुट." दुसरा शब्द नाही. मी दोन दिवस खलबत्त्यापाशी होतो आणि तेवढा एक हुकूम मला पुष्कळ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोटीस घेऊन ओसरीवर आलो तर दौलतराव बाच्या खाटेजवळ पाटावर बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत वर, आणि दोन्ही पाय मिठाच्या कोमट पाण्याच्या घंगाळात. मला पाहून ते दचकले, पण पाय काढले नाहीत. त्यांच्याही बोटांवर घट्टे, टाचेला जुनी जखम. "पाह्य," ते मला म्हणाले, "रोज हेच करतो मी. दार लावून. आज तुह्या बापापुढं लाज काय धराची?"

"मंग घालता काहून?" मी विचारलं.

"मुंबईचे लोक येते. पोरं म्हनते, बाबा, वहानेत बरं नाई दिसत." मग ते बाकडे वळून हसले. "ईवाई, तुमच्या वहाना किती नरम होत्या हो! मागच्या साली तुमी आले होते ना, मी हे बूट काढून तुमच्या वहाना चढवल्या अन् गोठ्यात जाऊन आलो. गाय व्यायली होती. तिथंच एक गडी आला बोलवाले, मुंबईचा मानूस आला म्हनून. मी अनवानीच पयालो अन् वहाना तिथंच राह्यल्या. मंग आठवन आली तवा तुमी निघून गेले होते. सांगाचं राहूनच गेलं."

मी पोटीस हातात घेऊन उभा होतो. ते हाताला भाजत होतं, हे मला नंतर कळलं. बानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. माझा संशय त्यानं उघड केला नाही, हे त्याचे उपकार.

तिसऱ्या दिवशी सकाळी रहीमचाचांनी पट्टी सोडली. गोदाबाई, मी, दौलतराव, तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. शाईची खूण जागेवर होती, आणि लाल रेघ तिच्या खाली उतरून फिकट झाली होती. चाचांनी पायाच्या वरून हात फिरवला, वास घेतला आणि मान हलवली. "पाय तुमचाच हाये," ते म्हणाले, "ठेवा." दुपारी डॉक्टर आला, त्यानंही पाहिलं आणि आपली हत्यारांची पेटी न उघडताच दूध पिऊन गेला. त्याची ती पेटी बंदच घेऊन तो फाटकाबाहेर पडला तेव्हा मी पायरीवर बसून घेतलं. आतून बाचा आवाज आला, "गोदे, हे पुरन पुरे झालं. ठेचा हाये का घरात?" गोदाबाई इतक्या जोरात हसली की सासूबाई धावत आल्या. मग ती बाहेर आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि तिनं माझा कान धरला. पिळला नाही. नुसता धरून बसली.

ओटी मग चार दिवसांनी भरली. बा खाटेवरून पाहत होता, पायाला पांढरं फडकं. कुणी त्याच्या पायांत काय आहे हे पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर मला त्याचं काही वाटलं नाही. आम्ही गोदाबाईला घेऊन निघालो तेव्हा दौलतराव अनवाणी वेशीपर्यंत पोचवायला आले. उरलेला एक बूट तिथेच कुठेतरी पडला असावा. कुणीही मागितला नाही.

परतीला मी चढावर उतरून बैलांच्या बाजूनं चालत होतो आणि बा गाडीत कडब्यावर टेकून बसला होता, गोदाबाई पलीकडे. मूर्तिजापूर मागं पडल्यावर मी मन घट्ट केलं. दोन दिवस शब्द जुळवत होतो. "बा," मी म्हटलं, "चुकलो मी. तुले वहानेतच येऊ द्याचं होतं."

बानं दुखऱ्या पायाखालचा कडबा सारखा केला.

"सारी चूक तुही नाई," तो म्हणाला. "त्या दुकानात तो मोठा जोड होता ना, तपकिरी, बिनआवाजाचा? तू बाहेर बैल पाहाले गेला होता तवा त्यानं दाखवला. पायात बसत होता मजेनं."

"मंग घेतला काहून नाई?"

बानं मिशीवरून हात फिरवला. गोदाबाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एखाद्या पोरासारखा चोरून हसला.

"तो वाजत नोता," तो म्हणाला.

गोदाबाईनं पोट धरलं. "बा, नोको ना," ती म्हणत होती, "नोको हसवू, मले दुखते," आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कासरा सोडून चाकाला टेकलो. हसताना रडू कधी आलं ते मला समजलं नाही. बैल आपले आपण थांबले. मागच्या कापसाच्या गाड्या अडल्या, गाडीवान शिव्या देऊ लागले, आणि बा कडब्यावरून हात उंचावून त्यांना म्हणाला, "जा गा, बाजूनं काढा. आमाले घाई नाई."